ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांना काय सांगितलं?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस पुण्यात बनू लागली, 2024च्या अंतरिम अर्थसंकल्पात 9 ते 14 वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाचा उल्लेख झाला, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड ठरावीक दिवसांनी फिरून येतो. 'आपल्या मुलींवर प्रयोग चालू आहेत, सावध राहा.' खाली हात जोडलेले. मग कुणीतरी काकू विचारतात, "खरं का गं हे?"

लशीपुरतं उत्तर सोपं आहे. ही लस प्रयोगाच्या पायऱ्या ओलांडून आलेली आहे आणि अशा लशी अनेक देशांत वर्षानुवर्षं दिल्या जातात. दवाखान्यात ती घेणारी मुलगी प्रयोगात सहभागी होत नसते. पण काकूंच्या मनातली भीती हवेतून आलेली नाही. याच आजारावर, आपल्याच देशात असे अभ्यास झाले आहेत, ज्यांच्यावरून वाद अजून शमलेला नाही. त्यांतला एक मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झाला आणि एक उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत. तो वाद कळायचा तर आधी एक कल्पना समजून घ्यावी लागते. त्यासाठी शेतात जाऊ.

दोन ओळी तशाच सोडायच्या

शेतकऱ्यानं सोयाबीनला नवं खत घातलं आणि पीक झकास आलं. खतामुळे आलं, की यंदा पाऊसच वेळेवर झाला म्हणून? सगळ्या रानात खत घातलं असेल तर हे कधीच कळणार नाही. म्हणून जाणता शेतकरी काही ओळी बिनखताच्या ठेवतो आणि सुगीला दोन्हींचा उतारा वेगवेगळा मोजतो. त्यातही मेख अशी की बिनखताच्या ओळी बांधाकडेच्या, मुरमाड जागेतल्या निवडल्या तर खताचं कौतुक फुकटच वाढतं. कुठल्या ओळीला खत आणि कुठल्या ओळीला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तरच तुलना खरी.

औषध, लस किंवा तपासणी खरंच उपयोगी आहे का, हे याच रीतीनं ठरतं. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला नवी गोष्ट मिळते. दुसऱ्याला जुनी मिळते, किंवा आतून रिकामी गोळी, किंवा काहीच नाही. या दुसऱ्या गटाला आपण तुलना गट म्हणू.

संशोधनाच्या नीतीबद्दल बोलताना बहुतेक जण पहिल्या गटाची काळजी करतात. नव्या औषधानं काही झालं तर? काळजी रास्तच आहे. पण माझ्या मते नीतीची खरी कसोटी दुसऱ्या गटात लागते. तिथे सुई टोचलेली नसते, रिअ‍ॅक्शन येत नाही, त्यामुळे कुणी बोंब मारत नाही. तिथे फक्त वाट बघायची असते.

माणूस म्हणजे ओळ नव्हे

सोयाबीनची ओळ वाळली तर हळहळून पुढे जाता येतं. माणसांच्या बाबतीत असं पुढे गेलेल्यांची यादी लांब आहे. तिच्यातलं सर्वांत कुप्रसिद्ध नाव टस्कीगी. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात 1932 साली सरकारच्याच आरोग्य खात्यानं सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. 'तुमचं रक्त बिघडलंय, त्यावर उपचार करतोय,' असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात उपचार न झालेला सिफिलिस शरीरात काय काय करतो, हे बघायचं होतं. 1940चं दशक सरता सरता पेनिसिलिन हा या रोगावरचा नेहमीचा इलाज झाला. तो या माणसांपर्यंत पोचू दिला नाही. 1972 साली बातमी फुटली आणि मगच अभ्यास बंद पडला. मधल्या काळात, 1947 साली, नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून न्यूरेंबर्गची संहिता आली होती आणि तिचं पहिलंच कलम होतं सहभागी माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचं. अलाबामात त्याची दखल कुणी घेतली नाही.

अशा अनुभवांतून एक नियम पक्का झाला. दोन गटांपैकी कुणाचं भलं होईल, याबद्दल जाणकारांना खरोखरच शंका असेल तरच चिठ्ठ्या टाकायच्या. उत्तर आधीच माहीत असेल तर चिठ्ठी टाकणं म्हणजे कुणाला बुडवायचं याची सोडत काढणं.

वाचताना नियम अगदी सरळ वाटतो. पण 'माहीत असणं' म्हणजे नेमकं काय? आणि माहीत कुणाला? मुंबईतला वाद इथूनच सुरू होतो.

पांढरा डाग आणि दीड लाख बायका

गर्भाशयमुखाचा कॅन्सर, खेड्यातल्या बायकांच्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, एका रात्रीत होत नाही. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारणपणे कित्येक वर्षं जातात. त्या काळात बिघाड सापडला तर छोट्याशा उपचारानं संकट टळतं. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी पॅप तपासणी वापरात आली. तिच्यात गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून काचेवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जिथे ती नेमानं झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू झपाट्यानं घटले.

आपल्याकडे अडचण अशी की काच तपासायला प्रयोगशाळा हवी, शिकलेले तंत्रज्ञ हवेत आणि अहवाल आल्यावर ती बाई पुन्हा सापडायला हवी. म्हणून एका स्वस्त तपासणीचा विचार पुढे आला. गर्भाशयमुखाला ॲसेटिक ॲसिडचं सौम्य द्रावण, म्हणजे जवळजवळ स्वयंपाकघरातलं व्हिनेगरच, लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. डॉक्टरच हवा असं नाही, प्रशिक्षण दिलेली आरोग्य कार्यकर्तीही हे करू शकते. पण यामुळे मृत्यू खरंच कमी होतात का?

हे तपासायला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली मुंबईत अभ्यास सुरू केला. निधी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा होता. 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. चिठ्ठ्या एकेका बाईच्या नावाच्या नव्हत्या, वस्त्यांच्या होत्या. हे बरोबरच आहे, कारण एकाच चाळीत हिची तपासणी आणि तिची नाही, असं केलं तर गोंधळ माजेल. दहा वस्त्यांमधल्या 75,360 बायकांना दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हिनेगरची तपासणी आणि कॅन्सरची माहिती मिळाली. उरलेल्या दहा वस्त्यांमधल्या 76,178 बायकांना सुरुवातीला एकदा माहिती दिली गेली. तपासणी नाही.

याच सुमारास धाराशिवमध्ये 52 गावगटांत चार प्रकारे तुलना झाली: पॅप, व्हिनेगर, या कॅन्सरला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू शोधणारी तपासणी आणि काहीच नाही. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. तिसरा अभ्यास तामिळनाडूतल्या दिंडिगुलचा.

तिन्ही मिळून तपासणी न मिळालेल्या बायका 1,38,624. त्यांच्यापैकी 254 जणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेल्या.

254 या आकड्याचं काय करायचं?

अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी हा आकडा लावून धरला. व्हिएतनाममध्ये पॅप तपासणी रुजवण्याच्या कामात ते होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तपासणीनं जीव वाचतात हे अर्धं शतक माहीत होतं. मग हजारो बायकांना बिनतपासणीचं ठेवून त्यांचे मृत्यू मोजायची गरजच काय होती? मुंबईतून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये 2014 साली हा वाद रंगला.

इथे घाईनं वजाबाकी करू नये. '254 बायकांना संशोधनानं मारलं' हे वाक्य फॉरवर्डमध्ये खपेल, पण ते खोटं आहे. तपासणी झालेल्या गटांतही मृत्यू झाले. मुंबईत तुलना गटात 98 आणि तपासणीच्या गटात 67. गट जवळपास सारख्या आकाराचे, म्हणजे फरक साधारण 31 जणींचा. धाराशिवमध्ये तुलना गटात 64, तर एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. दिंडिगुलमध्ये 92 आणि 83, पण तिथे तपासणीचा गट बराच मोठा होता, म्हणून नुसती वजाबाकी करून चालत नाही. तपासणी मिळाली असती तर 254 पैकी सगळ्या वाचल्या नसत्या. काही नक्की वाचल्या असत्या. कुठल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. अशा अभ्यासांत नुकसानीला चेहरा नसतो, आणि म्हणूनच ते सोसणं समाजाला सोपं जातं.

'पण त्यांना नाहीतरी तपासणी कुठे मिळत होती?'

संशोधकांचा मुख्य बचाव हाच आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भारतात या वर्गातल्या बायकांची नियमित तपासणी होतच नव्हती. अभ्यासानं त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. जे चालू होतं तेच चालू राहिलं.

हा युक्तिवाद त्याआधी जगभर गाजून गेला होता. एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला होणारी लागण एझेडटी या औषधानं कमी होते, हे 1994 साली अमेरिकेत दिसलं. प्रमाण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर आलं. पण ती उपचारपद्धती लांबलचक आणि महाग होती. म्हणून आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये छोट्या, स्वस्त मात्रेच्या चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या अनेकींमध्ये तुलना गटातल्या गरोदर बायकांना रिकामी गोळी दिली गेली. तिथेही कारण तेच: इथे एरवीही काहीच मिळत नाही. 1997 साली टीकेचा भडका उडाला. 1998च्या सुरुवातीला थायलंडचा निकाल आला, छोट्या मात्रेनंही लागण निम्म्यावर येत होती, आणि रिकाम्या गोळीचे गट थांबवले गेले.

मला या युक्तिवादात खुपतं ते वेगळंच. 'इथे असंच चालतं' हे निसर्गाचं वर्णन नाही. दुष्काळ पडावा तशी तपासणी पडत नाही किंवा उगवत नाही, ती कुणीतरी द्यायची असते. सरकारनं दिली नाही, म्हणून संशोधकानंही न देणं मान्य केलं तर गरिबी हीच संशोधनाची सोय होऊन बसते. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा 1964 साली आला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी यावर बंधन घातलं: तुलना करायची ती सिद्ध झालेल्या सर्वांत चांगल्या उपायाशी. रिकामी गोळी किंवा 'काहीच नाही' चालेल ते अपवाद म्हणून, त्यासाठी भक्कम शास्त्रीय कारण असेल आणि त्यामुळे सहभागींना गंभीर किंवा न भरून येणाऱ्या हानीचा जास्तीचा धोका नसेल तरच. कॅन्सर या कसोटीला उतरतो का, हे वाचकानंच ठरवावं.

'म्हणजे टीकाकारच बरोबर?'

थांबा, धाराशिवचा निकाल अजून पुरता सांगितलेला नाही.

तिथे एचपीव्ही तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पण जी पॅप तपासणी 'अर्धं शतक माहीत' होती, तिच्यामुळे मृत्यू ठळकपणे कमी झाल्याचं त्या आठ वर्षांत दिसलं नाही. व्हिनेगरच्या तपासणीचंही तसंच. उलट मुंबईत, वारंवार केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीनं मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. फिनलंडमध्ये चालणारी गोष्ट परांड्याच्या खेड्यात एकदाच करून चालेल असं नाही, हे तुलना गट नसता तर कळलंच नसतं. आणखी एक गोष्ट विसरली जाते. पॅप तपासणी पाश्चात्त्य देशांत रुळली ती अशी चिठ्ठ्यांची कसोटी न देताच. म्हणजे संशोधकांची शंका अगदीच बनावट नव्हती.

एचपीव्ही तपासणीचा जगाला आज जो भरवसा आहे, त्यात या खेड्यांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे. हे मान्य करूनही प्रश्न उरतो. तपासणी न देण्याला कारण सापडलं. न सांगण्याला कुठलं?

अमेरिकी पैसा असल्यानं मुंबईचा अभ्यास तिथल्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाच्या कक्षेत येत होता. तक्रारीनंतर त्या कार्यालयानं ठरवलं की मुंबईतल्या सहभागी बायकांना पुरेशी माहिती मिळालेली नव्हती. पॅपसारखी तपासणी अस्तित्वात आहे आणि ती करून घेता येते, हे त्यांना नीट कळायला हवं होतं. कुर्ल्याच्या किंवा मानखुर्दच्या बाईनं ते ऐकून पैसे जमवले असते का, नवऱ्याशी भांडून एखाद्या पालिका रुग्णालयाच्या ओपीडीत रांग लावली असती का, माहीत नाही. बहुधा पुष्कळजणींनी लावली नसती. पण तो निर्णय त्यांचा होता. लाख बायकांची तपासणी करायला कोट्यवधी रुपये लागतात, हे मान्य. एक वाक्य सांगायला लागत नाहीत.

तुलना गटातल्या बायकांनाही पुढे ही तपासणी द्यायचं ठरलं, पण ते निकाल लागल्यावर.

'सही तर घेतली होती ना?'

संमती म्हणजे सही, असं आपल्या हाडीमांशी भिनलं आहे. बँकेत, ऑपरेशनच्या आधी, विमा काढताना, बोट ठेवलेल्या जागी आपण सही करून मोकळे होतो. संशोधनातली संमती ही सही नसून तिच्या आधीचं बोलणं असते. काय करणार, त्रास काय होऊ शकतो, मला कुठल्या गटात टाकायचं हे कोण ठरवणार, मी नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील का, आणि या अभ्यासाबाहेर मला दुसरं काय मिळू शकतं. हे सगळं माणसाच्या भाषेत सांगून, विचार करायला वेळ देऊन, मग अंगठा किंवा सही. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार समोर हवा.

हे बोलणं गाळलं की काय होतं, ते खम्ममला दिसलं. 2009 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे याच कॅन्सरविरुद्धची लस दिली गेली. पाथ ही अमेरिकी संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारं मिळून हे करत होती. नाव होतं 'प्रात्यक्षिक प्रकल्प'. चाचणी म्हटलं नाही की चाचणीचे नियमही अंगावर येत नाहीत, हा त्या नावाचा फायदा. सात मुली दगावल्या आणि एप्रिल 2010मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यू लशीमुळे झाल्याचं चौकशीत निघालं नाही. निघालं ते निराळंच. 2013च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार आंध्रातल्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 वर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या आणि 1,948 वर नुसते अंगठे होते. आईबाप रानात किंवा मजुरीला, मुली आश्रमशाळेत, आणि संमती देणारा वॉर्डन.

लस चांगली होती. पण तिच्याबद्दल आज जी कुजबुज आहे, तिचं एक मूळ त्या कागदांत आहे. काकूंचा फॉरवर्ड मी म्हणूनच नुसता हसण्यावारी नेत नाही.

'इतके नियम लावले तर औषधं निघायची कशी?'

हीही तक्रार खरी आहे. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं, 2013 साली नियम कडक झाले आणि त्यानंतर काही काळ भारतातल्या चाचण्या रोडावल्या. 2019च्या नव्या नियमांनी परवानगीची कालमर्यादा बांधून दिली आणि सहभागींचं संरक्षणही ठेवलं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी दुर्बल परिस्थितीतला असेल तर संमतीच्या संवादाचं ध्वनिचित्रमुद्रण. आणि प्रत्येक चाचणीवर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नीती तपासणाऱ्या समितीची देखरेख. निदान सात सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे सदस्य बाहेरचे, त्यांत एक कायदा जाणणारा, निदान एक स्त्री आणि एक सामान्य माणूस.

हा सामान्य माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. वैद्यक न शिकलेली एखादी निवृत्त शिक्षिका तिथे बसून विचारू शकते, "हे पत्रक मलाच कळत नाही, तर पेशंटला कसं कळणार?" तिनं विचारलं तर. डॉक्टरांच्या टेबलाभोवती असं विचारायला छाती लागते.

तुमच्यापुढे कागद आला तर

एखाद्या मोठ्या रुग्णालयात, किंवा घरी आलेल्या आरोग्य कार्यकर्तीकडून, कधीतरी तुमच्याहीपुढे असा कागद येईल. त्याच्याबरोबर मराठीतलं माहितीपत्रक मिळालं पाहिजे आणि ते घरी नेऊन वाचता आलं पाहिजे. त्यावर एथिक्स कमिटीच्या संपर्काचा फोन नंबर असतो. चाचणी देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, हे इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतं. औषधांच्या चाचण्यांना ही नोंद 2009पासून सक्तीची आहे. आणि 'नाही' म्हणायला कारण द्यावं लागत नाही. मधेच बाहेर पडायलाही नाही.

त्या पत्रकात 'पर्यायी उपचार' किंवा तशा अर्थाचा एक परिच्छेद असायला हवा: या अभ्यासात आला नाहीत तर तुम्हाला दुसरं काय मिळू शकतं, आणि कुठे. मी पत्रक तिथूनच वाचायला घेते.